घरच्यांकडूनच जिवाला धोका असेल तेव्हा: मुंबईतल्या मुलींसाठी आणि त्यांच्या मैत्रिणींसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं, ठरवलेलं स्थळ नाकारलं, नवऱ्याचं घर सोडून आली, एखाद्या मुलीवरच प्रेम केलं, किंवा नुसती कुणाशी तरी बोलताना स्टेशनवर दिसली. एवढ्यावरून मुलीला कोंडायचं, मारायचं, गावाला नेऊन लग्न लावून टाकायचं आणि शेवटी जीवही घ्यायचा, हे उत्तरेतल्या खापांचं काम, मुंबईत असलं काही होत नाही, असं अजूनही कित्येकांना वाटतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोवंडीतल्या एका विहिरीत तरुणाचा मृतदेह सापडला आणि तपासात त्याची बायकोही मारली गेल्याचं उघड झालं. तिच्या वडिलांना आणि भावाला पोलिसांनी अटक केली. जुलै २०१९ मध्ये घाटकोपरला एका गरोदर मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली तिच्या वडिलांनाच अटक झाली होती.

नवरा मारतो तेव्हा मुलगी माहेरी जाते, मामाला सांगते, सासरचे ऐकत नाहीत म्हणून भावाला घेऊन येते. इथे मारणारं माहेरच असतं. आई फोन काढून घेते, भाऊ पाळत ठेवतो, काका गावाकडून दम देतो, आत्या गोड बोलून माहिती काढते, आणि जातीतले चार पंच बापाला विचारतात, ‘एक पोरगी आवरता येत नाही का?’ घरात कुणी कुणाला अडवत नाही, कारण सगळ्यांना वाटतं की आपण खानदानाची इज्जत वाचवतोय. म्हणून एरवीचे शहाणे सल्ले, ‘घरच्यांशी बसून बोल’, ‘मोठ्यांना मध्ये घे’, ‘राग निवळू दे’, इथे उलटतात आणि जिवावर बेततात. खालची प्रत्येक पायरी हे लक्षात ठेवूनच लिहिली आहे. वस्त्यांमध्ये समुपदेशनाचं काम करताना मी मुलींना जशी सांगते तशीच इथे सांगते, म्हणून ‘तू’ म्हणते आहे.

पायरी पहिली: धोका मोज, पण मारहाणीवरून नको

‘अजून कुणी हात नाही उचलला ताई’, असं मुली सांगतात आणि निर्धास्त राहतात. हात उचललेला नसला तरी धोका मोठा असू शकतो. पाहायचं ते वेगळंच. फोन काढून घेतला का? कॉलेज किंवा नोकरी अचानक बंद केली का? दुकानापर्यंत जातानाही कुणी ना कुणी सोबत येतंय का? घाईघाईने स्थळं पाहणं सुरू झालंय का? तू खोलीत आलीस की बोलणं थांबतं का? गावाकडून काका, चुलतभाऊ, जे एरवी वर्षातून एकदा येत नाहीत, ते येऊन मुक्कामाला बसलेत का? ‘गोष्ट जातीत गेली’ असं कुणी म्हणालं का? हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. प्रकरण चार भिंतींत आहे तोवर बाप एखादवेळ गप्प बसतो. बाहेरच्याने तोंडावर टोमणा मारला की तोच बाप बदलतो.

जिवे मारण्याची धमकी, कोंडून ठेवणं, गळा दाबणं, गावाला नेण्याची तयारी, खानदानात पूर्वी कुणा मुलीचं असं झालेलं असणं, यातली एकही गोष्ट असेल तर वाट पाहू नकोस. ‘तू असं केलंस तर मी विष घेईन’ ही आईची धमकीही धोक्यातच मोज, कारण तिच्यानंतर पुरुषांना रान मोकळं मिळतं. आणि आठवडाभर शिवीगाळ चालू असताना सगळे एकाएकी गोड बोलायला लागले, तुझ्या आवडीचं जेवण झालं, ‘आम्हाला मान्य आहे, आधी गावच्या देवाला जाऊन येऊ’ असं म्हणाले, तर तो दिवस सगळ्यात जास्त सांभाळून राहण्याचा.

पायरी दुसरी: एक माणूस, घराबाहेरचा

नात्यातल्या कुणालाही सांगू नकोस. ज्या मावशीने लहानपणी खाऊ दिला तिलाही नाही. तिच्यावर दबाव आला की ती सांगून टाकेल, आणि ते तिला तुझ्या भल्याचंच वाटेल. घराबाहेरचं एक माणूस निवड, ज्याला तुझे घरचे ओळखत नाहीत: कॉलेजातल्या बाई, ऑफिसातली सहकारी, जुन्या क्लासची मैत्रीण. जमेल तोवर जोडीदाराच्या घरचं कुणी नको, कारण तुझे घरचे पहिल्यांदा तिथेच जातील.

तिच्याशी तीन गोष्टी ठरव. एक साधा शब्द किंवा वाक्य, जे मेसेजमध्ये आलं की तिने ११२ ला फोन करायचा. ‘माझी डायरी तुझ्याकडे राहिली का?’ असं काहीही चालेल. दुसरं, ठरलेल्या वेळेला तुझा मेसेज आला नाही तर किती तास थांबायचं. तिसरं, तिच्याकडे तुझ्या हाताने लिहिलेलं आणि सही-तारखेचं एक पत्र: माझं वय अमुक, मी माझ्या मर्जीने गावाला जाणार नाही, मला गावाला नेलं, माझं लग्न लावलं किंवा माझ्या जिवाचं काही झालं तर ते माझ्या इच्छेविरुद्ध असेल, या या माणसांपासून मला धोका आहे. पुढे पोलीस ठाण्यात आणि हायकोर्टात हा कागद फार उपयोगी पडतो.

पायरी तिसरी: कागद, फोन, पैसे

वयाचा पुरावा सगळ्यात आधी. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं मार्कशीट, जन्म दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट असल्यास तो, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक. कपाटातून मूळ कागद काढणं धोक्याचं असेल तर नुसते फोटो काढ आणि मैत्रिणीकडे पाठवून आपल्या फोनमधून पुसून टाक. मूळ कागद मागे राहिले म्हणून अडकून पडू नकोस. मुंबईत जन्म झाला असेल तर जन्म दाखला पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून पुन्हा मिळतो, दहावीच्या मार्कशीटची दुसरी प्रत बोर्डाच्या वाशीच्या विभागीय कार्यालयातून.

फोन कुणाच्या नावावर आहे ते बघ. सिम वडिलांच्या नावावर असेल तर ते बंद करू शकतात किंवा नवीन काढून तुझे सगळे ओटीपी घेऊ शकतात. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर जोडलेलं आहे का, गूगल खात्याचा पासवर्ड भावाला माहीत आहे का, लोकेशन कुणाला दिसतंय, हे तपास. पण घरात असताना हे सगळं एकदम बंद करू नकोस. बंद केल्याने संशय येतो. बाहेर पडल्यावर बंद करायचं. पगार जॉइंट खात्यात जात असेल तर आपल्या एकटीच्या नावाचं नवीन खातं काढ, आणि त्याचं पत्र घरच्या पत्त्यावर येणार नाही याची काळजी घे.

आणखी एक. घरातून निघताना आईचे दागिने, घरातली रोकड, काहीही घेऊ नकोस. मुलगी निघून गेली की ‘मिसिंग’च्या तक्रारीबरोबर बरेचदा चोरीची तक्रारही होते आणि त्यात मुलाचं नाव घातलं जातं. तू जे नेतेस त्याचा फोटो काढून ठेव.

पायरी चौथी: ‘गावाला जाऊन येऊ’

मुंबईतल्या मुलींवरची हिंसा बरेचदा मुंबईत होतच नाही. आजी आजारी आहे, कुळदेवतेला नवस फेडायचाय, जत्रा आहे, असं सांगून तिला साताऱ्याला, रत्नागिरीला, जालन्याला किंवा उत्तर प्रदेशात नेलं जातं. तिथे तिची मैत्रीण नसते, तिला ओळखणारं पोलीस ठाणं नसतं, फोनला रेंजही नसते.

शक्यतो जाऊ नकोस. परीक्षा, ऑफिस, ताप, जी सबब सुचेल ती सांग. जावंच लागलं तर मैत्रिणीला गावाचं नाव, तालुका, कुणाच्या घरी, कुठल्या गाडीने, परतायची तारीख, सगळं कळव. रेल्वेत असशील तर १३९ वर फोन कर किंवा डब्यात येणाऱ्या रेल्वे पोलिसांना, तिकीट तपासनीसाला सरळ सांग: मी १८ वर्षांची आहे, मला इच्छेविरुद्ध नेत आहेत, मला उतरवा. दादर, ठाणे, कल्याण अशा मोठ्या स्टेशनवर गाडी थांबते तिथे फलाटावर रेल्वे पोलीस असतात. गाडी सुटण्याआधी गर्दीत मोठ्याने बोललीस तर ऐकणारे खूप असतात. रात्री घाटाच्या पलीकडे गेल्यावर तसं नसतं.

पायरी पाचवी: दवाखाना

याच पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबणार आहे, कारण पोलीस ठाण्याची पायरी चढायला तयार नसलेली मुलगीही दवाखान्यात जाऊ शकते. घरचे सोबत असले तरी डॉक्टर त्यांना बाहेर थांबवू शकतात. आणि या हिंसेचे शरीरावर, मनावर होणारे परिणाम मुलींना स्वतःलाही ओळखू येत नाहीत.

महिनोन्‌महिने पाळतीखाली राहिलेल्या मुलीला झोप येत नाही, पाळी पुढे-मागे होते, पोट सतत दुखतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. काहींना आकडीसारखे झटके येतात आणि तपासण्यांत मेंदूचं काही निघत नाही. मनावरचा ताण असह्य झाला की शरीर असं बोलतं. घरचे म्हणतात, अंगात आलंय, बाहेरचं झालंय, आणि मांत्रिकाकडे नेतात. तिथे कोंडणं, चटके, मारहाण झाली तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. हे झटके ढोंगही नाहीत आणि भूतही नाही. त्यांवर मानसोपचार आहेत.

जगणं नको वाटणं हाही याच हिंसेचा परिणाम आहे. तसे विचार येत असतील तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फोन कर, मराठीत बोलता येतं. काही करून बसली असशील तरी लगेच दवाखाना गाठ. पोलिसांच्या भीतीने लपवू नकोस: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे अशा व्यक्तीला शिक्षा करायची नसते, तिची काळजी घ्यायची असते. आणि कुणी तुला बळजबरीने विष पाजलं असेल तर ते डॉक्टरला त्याच शब्दांत सांग, नाहीतर कागदावर आत्महत्येचा प्रयत्न एवढंच लिहिलं जाईल.

गळा दाबला असेल तर खूण दिसो न दिसो, त्याच दिवशी दवाखान्यात जा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत रक्त उतरणं, चक्कर येणं ही धोक्याची लक्षणं आहेत. आतली सूज काही तासांनी वाढून श्वास अडकू शकतो. ज्या घरात एकदा गळा दाबला गेला तिथे पुढचा प्रसंग जीवघेणा ठरण्याची भीती फार वाढते.

गरोदर मुलीचं दुखणं आणखी वेगळं. लपवाछपवीत नावनोंदणी उशिरा होते, सोनोग्राफी राहते, रक्त कमी असल्याचं कळत नाही. घरचे मेडिकलमधून गोळ्या आणून बळजबरीने देतात आणि मुलगी रक्तस्रावाने मरणाच्या दारात पोचते. स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. उलट बाजूने, तुला गर्भ नको असेल आणि तू सज्ञान असशील तर गर्भपातासाठी फक्त तुझी संमती लागते, आई-वडिलांची किंवा नवऱ्याची सही लागत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की २० ते २४ आठवड्यांच्या नियमात लग्न न झालेल्या स्त्रीला वगळता येणार नाही. मनाविरुद्ध संबंध झाले असतील तर ७२ तासांच्या आत जा: गर्भ राहू नये म्हणून गोळी आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधं त्या मुदतीत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं.

‘कौमार्य’ तपासायला कुणी डॉक्टरकडे नेलं तर नकार दे. योनिपटल पाहून संबंध झाले की नाही हे सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये या चाचणीला वैद्यकीय आधार नसल्याचं स्पष्ट केलं, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराच्या प्रकरणांतली दोन बोटांची चाचणी २०१३ मध्येच स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवली. लग्नाच्या रात्री पांढऱ्या चादरीवर डाग शोधणाऱ्या जातपंचायतींविरुद्ध महाराष्ट्रातल्या त्याच समाजातली तरुण मुलं-मुली उभी राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

कुठे जायचं? पालिकेच्या अनेक रुग्णालयांत हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ नावाचं केंद्र असतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० च्या सुमाराला पहिलं सुरू केलं, नंतर ते इतर रुग्णालयांत पसरलं. केस पेपर काढायचा आणि ‘दिलासात जायचंय’ म्हणायचं. बाकी कुणाला कारण सांगावं लागत नाही. धारावीत स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध ‘स्नेहा’ या संस्थेचं काम वर्षानुवर्षं चालू आहे.

अपघात विभागात गेलीस तर कुणी मारलं, कशाने, केव्हा, कुठे, हे नावानिशी सांग. ‘जिन्यावरून पडले’ असं एकदा केस पेपरवर गेलं की पुढे कोर्टात समोरचा वकील तोच कागद काढतो. ‘भावाने पट्ट्याने मारलं, वडिलांनी दार लावलं’ असं लिहून घ्यायला सांग. याला एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणतात, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी दवाखान्याची नोंद. एमएलसी झालं म्हणजे तू तक्रार केलीच पाहिजे असं नाही. पोलीस जबाब घ्यायला आले तर आत्ता द्यायचा नाही असं सांगून तसं लिहून देता येतं. तक्रार केल्याशिवाय उपचार करणार नाही, असं मात्र कुणी म्हणू शकत नाही. डिस्चार्ज कार्डाची प्रत मैत्रिणीकडे ठेव.

पायरी सहावी: पोलीस ठाणं

घाईच्या वेळी ११२. महिलांसाठी १८१, आणि मुंबई पोलिसांचा १०३. अठराच्या आतली मुलगी असेल तर १०९८.

ठाण्यात गेलीस की बरेचदा दोन गोष्टी होतात. एक, ‘घरचा मामला आहे, वडिलांना बोलावतो, मिटवून घ्या’. दुसरी, एनसी घेऊन परत पाठवणं. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तीवर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. साधी मारहाण आणि शिवीगाळ सांगितली की एनसीच होते. म्हणून सगळं सांग: खोलीत कोंडलं (न्याय संहितेचं कलम १२७), लग्न लावण्यासाठी पळवून नेत होते (कलम ८७), चाकू दाखवला, गळा दाबला, जिवे मारण्याची धमकी दिली. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घेणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात ठरवलं. घटना गावाकडे घडली असली तरी मुंबईतल्या ठाण्याला शून्य क्रमांकाने एफआयआर घ्यावाच लागतो. प्रत मोफत मिळते, ती मागून घे. नाहीच घेतला तर वरिष्ठ निरीक्षक, मग परिमंडळाचे उपायुक्त यांना लेखी अर्ज, त्यानंतर दंडाधिकारी. प्रत्येक अर्जावर पोच घे.

वडिलांना बोलावू नका, हे पहिल्याच वाक्यात सांग आणि अर्जातही लिही. एकटी जाऊ नकोस. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आज तसे कक्ष राज्यभर आहेत. तिथल्या समाजसेविका सोबत असल्या की बोलण्याचा सूर बदलतो.

पायरी सातवी: निघायचं असेल तर

दिवसा, नेहमीच्या कामाच्या वेळी निघ. भांडण करून, चिठ्ठीत पत्ता ठेवून नाही. बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांत एक काम कर: तुझ्या घराजवळचं पोलीस ठाणं आणि तू जिथे आहेस ते ठाणं, दोन्हींकडे पत्र पाठव, ईमेलने आणि स्पीड पोस्टने. मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने घर सोडलं, मला कुणी पळवलेलं नाही, मला घरच्यांपासून धोका आहे, माझा पत्ता त्यांना देऊ नये. सोबत वयाचा पुरावा. त्यामुळे ‘मिसिंग’ची तक्रार आली तरी तुला शोधून घरच्यांच्या हवाली करण्याचं कारण उरत नाही. सज्ञान मुलीला पोलीस तिच्या इच्छेविरुद्ध आई-वडिलांकडे सोपवू शकत नाहीत.

लग्न करायचं असेल तर कायदा नीट निवड. दोघं वेगळ्या धर्माचे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा: एकाने त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं, नोटीस द्यावी, ती कार्यालयात लागते, ३० दिवस थांबावं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. या ३० दिवसांत फलकावरची नोटीस कुणीही वाचू शकतो. कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटीस तिथल्या कार्यालयातही जाते. म्हणून नोटीस देण्याआधीच घराबाहेर सुरक्षित जागी असायला हवं, नोटीस देऊन घरी परत जायचं नाही. दोघं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील, जात कुठलीही असो, तर हिंदू विवाह कायद्याखाली विधी करून पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदणी करता येते, तिथे ३० दिवसांची अट नाही. नुसतं लग्न लागलं म्हणून धोका टळत नाही, हे मात्र विसरू नकोस.

मुलगी १८ च्या आतली असेल तर पळून जाऊन लग्न हा मार्गच नाही. मुलावर पॉक्सोखाली, म्हणजे अल्पवयीन मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल होतो आणि ती पुन्हा घरच्यांच्या ताब्यात जाण्याची भीती राहते. तिच्यासाठी १०९८ आणि बालकल्याण समिती. घरचे तिचं लग्न लावत असतील तर ते थांबवण्याचा मनाई हुकूम कोर्टातून मिळतो.

पायरी आठवी: राहायचं कुठे, कायद्याचा आधार कोणता

१८१ वर फोन केल्यावर ‘सखी’ वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळतो. तिथे सहसा पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढे शक्ती सदनासारखी निवारागृहं. आधी विचारून घे: फोन ठेवू देतात का, बाहेर कामावर जाता येतं का. काही ठिकाणी नियम कडक असतात आणि मुलींचा जीव घुसमटतो.

जोडप्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सुरक्षित घरं आणि पोलिसांचे विशेष कक्ष जिल्ह्याजिल्ह्यात असावेत असं सांगितलं. राहण्याची मुदत आधी एक महिना, गरजेप्रमाणे वाढत जास्तीत जास्त एक वर्ष. महाराष्ट्राच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये त्यासाठी कार्यपद्धती काढली. पोलीस ठाण्यात ‘असं काही नसतं’ म्हणाले तर हा निकाल आणि ही कार्यपद्धती नावानिशी सांग.

अशा हिंसेसाठी भारतात वेगळा केंद्रीय कायदा नाही. विधी आयोगाने २०१२ मध्ये २४२ व्या अहवालात तसा कायदा सुचवला होता, पण तो झाला नाही. तोवर आहेत ते कायदे वापरायचे. त्यात २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मुली विसरतात, कारण तो नवऱ्याविरुद्धचा आहे असा समज आहे. वडील आणि भावाविरुद्धही तो चालतो. त्याच्या घटना अहवालाच्या छापील नमुन्यात घराबाहेर पडू न देणं, पसंतीच्या माणसाशी लग्न करू न देणं, इच्छेविरुद्ध लग्नाची बळजबरी करणं यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. त्याखाली संरक्षण आदेश मिळतो: त्यांनी तुझ्याजवळ यायचं नाही, ऑफिसात यायचं नाही, फोन करायचा नाही. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. पोलिसांनी एनसी घेऊन परत पाठवलं तरी हा रस्ता खुला असतो, म्हणून मी तो आधी सुचवते.

जातपंचायतीने वाळीत टाकलं, दंड मागितला तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार बंदी कायदा, २०१६ आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. जोडप्यातलं एक अनुसूचित जाती-जमातीचं असेल आणि हल्ला करणारे अनुसूचित जाती-जमातींबाहेरचे असतील तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम लावायला सांग. मुलगी कोंडलेली असेल तर मैत्रीण किंवा जोडीदार मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस अर्ज, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, करू शकतो. दोघी मुलींचं नातं असेल तर मार्च २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या सूचना वकिलाला दाखव: अशा अर्जात कोर्टाने मुलीचं मन वळवायला तिला समुपदेशनाला धाडू नये, असं त्यांत स्पष्ट आहे. वकिलाच्या फीची चिंता नको. स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी विधी साहाय्य मोफत मिळतं, क्रमांक १५१००.

पायरी नववी: परत बोलावणं येतं तेव्हा

सगळ्यात जास्त मुली इथे फसतात. सहा महिने होतात, राग शांत झाल्यासारखा वाटतो, आईचा फोन येतो. ‘तुझ्याशिवाय घास उतरत नाही’, ‘रीतसर लग्न लावून देतो, मुलाला घेऊन ये’, ‘बाबांना अ‍ॅटॅक आलाय’. आणि मुलीला जावंसं वाटतं, कारण ती तिचीच आई असते. डिसेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात आई आणि भाऊ मुलीच्या सासरी भेटायला आले. मुलगी गरोदर होती, त्यांच्यासाठी चहा टाकायला गेली आणि तिथेच मारली गेली. त्याआधी काही दिवस आई येऊन गोड बोलून गेली होती.

भेटायचंच असेल तर असं भेट: एकट्या आईला, भाऊ-काकाशिवाय. जागा तू ठरवायची, आदल्या दिवशी नाही, त्याच दिवशी: विशेष कक्षाची खोली, दिलासा केंद्र, वकिलाचं ऑफिस, गर्दीचं ठिकाण. त्यांच्या गाडीत बसायचं नाही. त्यांनी आणलेलं खायचं नाही, आई रडली तरी. नवा पत्ता, ऑफिसची वेळ, लोकलचा डबा, डॉक्टरची तारीख सांगायची नाही. बाबा खरंच दवाखान्यात आहेत का, हे मैत्रिणीकडून त्या दवाखान्यात विचारून घे. आणि गरोदर असशील तर भेट पुढे ढकल. मूल येणार म्हटल्यावर घरचे विरघळतील, असं मुलींना वाटतं. काही घरांत नेमकं उलटं होतं, कारण आता नातं पुसता येणार नाही हे त्यांना कळतं.

शेजारी, मैत्रीण, शिक्षक यांनी काय करायचं

तिच्या घरी जाऊन तिची बाजू मांडू नका. तिच्या आईला ‘जरा समजून घ्या’ म्हणू नका, तिने सांगितलेली गोष्ट तुमच्याकडे आहे हे त्यांना कळतं आणि शिक्षा तिला होते. कॉलेजात मुलगी सलग गैरहजर असेल तर फक्त पालकांना फोन करून ‘गावाला गेलीय’ हे उत्तर मान्य करू नका. ती सज्ञान असेल तर तिच्याशी स्वतः बोला, नाही बोलू दिलं तर पोलिसांना कळवा. चाळीत, सोसायटीत भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू आलं तर ११२ ला फोन करून एवढंच सांगा: इमारतीचं नाव, मजला, खोली क्रमांक, आत मुलगी आहे, तिला मारत आहेत, दार आतून बंद आहे. तुमचं नाव त्या घरच्यांना सांगू नये, अशी विनंती करा. मग गाडी येईपर्यंत दोघं-तिघं मिळून त्या मजल्यावर उभे राहा, आणि पोलीस दारातून परत फिरायला लागले तर मुलीला बाहेर बोलावून तिला एकटीला विचारा, असं त्यांना सांगा.